न विकलेले घर



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्यापैकी बहुतेकांनी आईच्या नाहीतर आजीच्या तोंडून ऐकलेली असेल. ही दोन कामे केल्याशिवाय माणसाला जगाचा खरा अनुभव येत नाही, असा तिचा अर्थ. ‘घर पाहावे विकून’ असे मात्र कोणी म्हणून ठेवलेले नाही. राहते घर विकणे ही त्या काळी नामुष्कीची गोष्ट समजली जात असे, म्हणून कदाचित. मग घर विकायचे असे सर्वांनी मिळून ठरवावे आणि पंचवीस वर्षे ते न विकता ठेवावे, याला काय म्हणावे? आमच्या घराण्यात असे झाले. त्यात माझाही दोष होता, आणि तो थोडाथोडका नव्हता. म्हणूनच हा विषय लिहायला घेतला आहे.

लग्नात, मेंदीच्या रात्री, मलिद्याच्या ताटाभोवती आपले लोक जमले की दिमोना असो, लोद असो की अश्दोद, एक वाक्य हटकून कानावर येते : “गावचे घर अजून तसेच आहे.” बोलणाऱ्याच्या आवाजात थोडा अभिमान असतो आणि थोडा संकोच. ऐकणारे मान डोलावतात, कारण त्यांच्यापैकी निम्म्यांचे घर तसेच असते. पण ‘तसेच आहे’ या दोन शब्दांत एक असत्य दडलेले आहे. कोणतेही घर तसेच राहत नाही. आणि ते घर तसेच आहे असे मानून चालणारी माणसेही तशीच राहत नाहीत.

आमचे घर अलिबाग तालुक्यातले. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. आपला समाज लहान आहे, आडनावावरून गाव आणि गावावरून घर ओळखायला कोणाला वेळ लागत नाही. आजोबांनी बांधलेले कौलारू घर. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे न्हाणी. परसदारी विहीर आणि तिच्यापलीकडे नारळी-पोफळीची लहानशी वाडी. विहिरीशेजारी जुन्या तेलघाण्याचे दगडी उखळ अर्धे मातीत रुतून पडले होते. आम्ही मुले त्यात पावसाचे पाणी साठवून होड्या सोडत असू. ज्यांना लोक ‘शनिवार तेली’ म्हणत, त्या आपल्या पूर्वजांची एवढीच खूण आमच्या घरी उरली होती. रोश हशानाच्या चिकाच्या हलव्याला लागणारे नारळ वाडीतलेच असत. सणाला आम्ही अलिबागच्या इस्राएल आळीत, मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये जात असू.

१९७८ साली आम्ही इस्राएलला आलो. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, शाळा संपवून घरी होते. आईबाबा, दादा, ताई आणि मी निघालो. मधला भाऊ नोकरीमुळे ठाण्यात राहिला. निघण्याच्या दिवशी बाबांनी दाराला कुलूप लावले आणि किल्ली शेजारच्या नानांच्या हातात दिली. दादाने दारावरची मेझूझा काढण्यासाठी हात वर केला तेव्हा बाबा म्हणाले, “राहू दे. आपण काय कायमचे चाललो आहोत?” इस्राएलला निघालेला माणूस हे वाक्य बोलत होता याचे तेव्हा कोणाला काही वाटले नाही.

सुरुवातीची वर्षे घराचा विचार करायला सवड नव्हती. बाबा कारखान्यात लागले, मी हिब्रू शिकले आणि मग परिचारिकेचे शिक्षण घेतले. शिवाय १९९२ साली भारत आणि इस्राएल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित होईपर्यंत इथे भारताची वकिलात नव्हती, त्यामुळे तिकडचे कागदपत्र इथून करणे अतिशय जिकिरीचे होते. ती सबब खरी होती. तिच्यापुढच्या सगळ्या सबबींबद्दल मला तसे म्हणता येणार नाही.

बाबा १९९१ साली गेले, आई १९९९ साली. आईची शिवा संपली त्या संध्याकाळी आम्ही चौघे भावंडे (मधला भाऊ ठाण्याहून आला होता) दिमोनाच्या घरात बसलो आणि गावचे घर विकायचे असे एकमताने ठरवले. ‘योग्य भाव आला की’ असे चार शब्द दादाने शेवटी जोडले. आम्ही सर्वांनी माना हलवल्या. त्या चार शब्दांत पुढची पंचवीस वर्षे गेली.

पहिले गिऱ्हाईक २००१ साली आले. गावातलेच एक शाळामास्तर होते. त्यांनी सांगितलेली रक्कम वाईट नव्हती. मी नको म्हटले. एवढ्या कमी पैशांत आजोबांचे घर द्यायचे का, असे मी फोनवर तावातावाने बोलले आणि बाकीचे गप्प बसले. आज मला ठाऊक आहे की त्यांनी दुप्पट दिले असते तरी मी काहीतरी खोट काढली असती. आईला जाऊन दोनच वर्षे झाली होती. घर गेले की आई पुन्हा एकदा जाईल असे मला वाटत होते. हे सांगण्याची लाज वाटे. भाव कमी आहे असे म्हणण्यात लाज नव्हती.

दुसरे गिऱ्हाईक २००९ साली मुंबईहून आले. त्यांना घर हवे होते आणि वाडीही. वाडी सातबाऱ्यावर शेतजमीन म्हणून लागलेली, आणि महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. ते म्हणाले, नुसते घर द्या. ताई म्हणाली, वाडीशिवाय घर म्हणजे हातापायांशिवाय माणूस, तोडायचे नाही. तेही बारगळले. तोपर्यंत २००१ ची रक्कम आमच्या डोक्यात पक्की बसली होती. एकदा नाकारलेला भाव हा एक प्रकारचा फास असतो. पुढे त्याच्यापेक्षा कमी घ्यायचे म्हणजे आपण तेव्हा चुकलो हे कबूल करायचे. ते करण्यापेक्षा आणखी थांबणे सोपे वाटते.

आणि थांबायला कारणे नेहमीच मिळतात. अलिबागचे भाव वाढत होते. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी घेऊन जाणारी बोट सुरू झाली, २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून न्हावा शेव्याकडे जाणारा अटल सेतू खुला झाला. प्रत्येक बातमीनंतर आमच्यातले कोणीतरी म्हणे, आणखी दोन वर्षे थांबू या. आमच्यात कोणाचा लोभ होता आणि कोणाचे दुःख होते, हे मला आजही वेगळे करून सांगता येत नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मला वाटते आतूनही पुष्कळदा सारखेच असतात.

दवाखान्यातली एक गोष्ट सांगते. माझी बहुतेक नोकरी वृद्ध आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या वॉर्डात झाली. अशा रुग्णाला पाठीवर, टाचेवर, माकडहाडावर जखमा होतात. कोणी मारलेले नसते, काही लागलेले नसते. एकाच जागी पडून राहिल्याने वरचे हाड आणि खालची गादी यांच्यामध्ये मांस दबते, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि जखम होते. हिब्रूत तिला दाबाची जखम असेच म्हणतात. आधी नुसती लाली दिसते. नवखी परिचारिका म्हणते, काही विशेष नाही. पण पुष्कळदा आत खोलवर नुकसान होऊन गेलेले असते. उपाय साधा आहे. जो स्वतः हलू शकत नाही त्याची कूस दर दोन तासांनी दुसऱ्याने बदलायची.

विकायचे ठरवून न विकलेले घर कुटुंबाला अशीच जखम करते. आमच्यात कधी मोठे भांडण झाले नाही. पण दादाला फोन केला की दोन मिनिटांत घराचा विषय निघणार हे ठाऊक असल्यामुळे मी फोन करण्याचे टाळू लागले. ठाण्याचा भाऊ घरपट्टी भरत होता, दर वर्षी आपल्या खिशातून. तो बोलत नसे आणि आम्ही विचारत नसू. त्याच्या मनात काय साठत होते हे मला फार उशिरा कळले. ताईच्या मुलीच्या लग्नात दादाने आहेर थोडका केला, तर त्याचाही संबंध घराशी जोडला गेला. घर प्रत्येक बोलण्याच्या खाली होते, जसे हाड मांसाखाली असते.

२०१४ साली दादा गेला. त्याने भावाच्या नावे करून दिलेले कुलमुखत्यारपत्र त्याच दिवशी संपले, कारण देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर ते संपतेच. आपल्या भारतातल्या मालमत्तेला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्यात मुलगा आणि मुलगी यांना समान वाटा आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की प्रत्येक मृत्यूबरोबर सह्या वाढतात. चार सह्यांचे काम होते ते आता सात सह्यांचे झाले : आम्ही तिघे, वहिनी आणि तिची तीन मुले. ती मुले इथे जन्मलेली. त्यांना मराठी समजते, वाचता येत नाही. त्यांच्यापैकी कोणी ते घर पाहिलेले नव्हते. आमच्या पिढीला घराची आठवण होती आणि तिच्यापायी वाद होता. त्यांच्या वाट्याला नुसता वाद येणार होता.

इथपर्यंत मी आमच्याच नुकसानीचे लिहिले. ते आम्ही ओढवून घेतले होते. पण न विकलेल्या घराचा खरा नैतिक प्रश्न मालकांचा नाही. तो दाराबाहेरच्या माणसांचा आहे.

नाना आगरी समाजाचे. बाबांनी किल्ली दिली तेव्हा ते तरुण होते. ‘दोन-तीन वर्षे लक्ष ठेव’ एवढेच बाबा म्हणाले होते. नानांनी पंचेचाळीस वर्षे लक्ष ठेवले. पावसाआधी कौले चाळली, वाळवी लागली की औषध मारले, संध्याकाळी ओटीवर दिवा लावला. २००५ साली त्यांचा मुलगा कुटुंबासह आमच्या पडवीत आणि ओटीवर राहायला आला, आमच्या संमतीनेच, कारण त्यांचे घर पुरेनासे झाले होते आणि राहते माणूस असले तर घर टिकते. आम्हाला ते सोयीचे होते. भाडे घेत नाही म्हणजे आम्ही उपकार करतो आहोत, असे आम्ही मनात धरून होतो.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वाडीतल्या पोफळी मोडल्या आणि मागच्या बाजूचे निम्मे छप्पर उडाले. करोनाचे दिवस होते, कोणाला जाता येत नव्हते. नानांच्या मुलाने फोन करून विचारले, छपराचे काय करायचे? आमच्यात चर्चा झाली. विकायचेच आहे तर खर्च कशाला, असे ठरले. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. विकायचे म्हणून दुरुस्ती नाही आणि दुरुस्ती नाही म्हणून विकले जात नाही. या चक्रात तीन पावसाळे गेले. तिसऱ्या पावसात सुटलेले कौल नानांच्या नातवाच्या खांद्यावर पडले. सात टाके पडले. आणखी चार बोटे अलीकडे पडले असते तर डोक्यावर पडले असते.

तोरात, दवारीमच्या बाविसाव्या अध्यायात, एक आज्ञा आहे : नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा कर, नाहीतर कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. मी ही आज्ञा लहानपणापासून ऐकली होती आणि तिला बांधकामाचा नियम समजत होते. त्या रात्री मला उमगले की तो मालकीचा नियम आहे. घर ज्याचे, त्या घरात कोणाला काय होते याची जबाबदारी त्याची. तो बीर शेव्यात राहतो म्हणून ती कमी होत नाही. मी चाळीस वर्षे परक्यांच्या जखमा बांधल्या, आणि माझ्या घराच्या कौलाने एका मुलाला जखम केली तेव्हा मी ‘भाव येईल’ याची वाट पाहत होते.

मी २०२२ साली निवृत्त झाले आणि २०२३ च्या जानेवारीत गावी गेले, सतरा वर्षांनी. छप्पर प्लास्टिकने झाकलेले होते. आत आले तर ओटीवर कपडे दोरीवर, भांडी जमिनीवर, कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेले. भिंतीवर कुठेही काही नाही. मी नानांना विचारले, “नाना, तुम्ही एखादी फळी का नाही मारून घेतली?” ते आता ऐंशी ओलांडलेले. म्हणाले, “घर तुमचा हाय बाय, आमी खिला कसा ठोकाचा?”

अठरा वर्षे एक कुटुंब त्या घरात राहत होते आणि त्यांनी भिंतीत एक खिळा ठोकला नव्हता. दुसऱ्याचे घर कोणत्याही दिवशी विकले जाईल म्हणून त्यांनी आपले घर वाढवले नव्हते आणि हेही आपले मानले नव्हते. आम्ही इकडे थांबलो होतो ते आमच्या मर्जीने. ते तिकडे थांबले होते ते आमच्या मर्जीने. वाट पाहणे ही आपली खासगी बाब आहे असे आपण समजतो. तसे क्वचितच असते. आपल्याबरोबर कोण कोण थांबलेले आहे, याची मोजदाद करणे हे वाट पाहणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.

मग नानांनी देव्हाऱ्याशेजारच्या पेटीतून एक कापडात बांधलेली पुडी काढून दिली. मेझूझा. वादळात दाराची चौकट हलली तेव्हा ती पडली म्हणून त्यांनी जपून ठेवली होती. मी ती इथे आणून सोफेरला दाखवली. घरच्या मेझूझाचे चर्मपत्र सात वर्षांत दोनदा तपासून घ्यावे असा आपला नियम आहे. आमचे पंचेचाळीस वर्षे तपासलेले नव्हते. दमट हवेने अक्षरे एकमेकांत मिसळली होती. सोफेर म्हणाला, ही बाद होऊन पुष्कळ वर्षे झाली असतील. बाबांनी ज्या खुणेवर भरवसा ठेवून घर सोडले, आणि आपले घर अजून आपले आहे असे आम्ही जिच्या जोरावर म्हणत राहिलो, तिच्या आत वाचण्यासारखे काही उरलेच नव्हते. नुसती लाकडी डबी दारावर होती.

ताईशी माझा याबद्दल पुष्कळ वाद झाला. तो इथे मांडते, कारण तिची बाजू कमकुवत नाही. ताई म्हणाली, “यिर्मियाचे काय? बाबेलचे सैन्य यरुशलेमला वेढा घालून बसलेले असताना, स्वतः कैदेत असताना, त्याने अनाथोथचे शेत विकत घेतलेच ना? जमीन सोडायची नाही, हाच त्याचा धडा आहे.” मी तो अध्याय पुन्हा काढून वाचला. यिर्मियाने चुलतभावाला सतरा शेकेल रुपे तोलून दिले, खरेदीखत लिहिले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि ते मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितले, म्हणजे पुष्कळ दिवस टिकावे. त्याने आशा धरली, पण कागदपत्रे पुरी करून. आम्ही पंचवीस वर्षांत वडिलांची वारसनोंद करायला चार वर्षे लावली आणि दादाची तर केलीच नव्हती. आमची ती आशा नव्हती, आळस होता. आशेचे नाव घेतल्याने आळस पवित्र होत नाही.

दुसरा एक नियम वायिक्राच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. तटबंदीच्या शहरातले घर कोणी विकले तर त्याला ते परत सोडवून घेण्याचा हक्क एक वर्षच. वर्ष उलटले की घर घेणाऱ्याचे, पिढ्यान्‌पिढ्या. तट नसलेल्या खेड्यातले घर मात्र शेतासारखे मानावे आणि योबेलच्या वर्षी ते मूळ मालकाकडे परत जावे. आमच्या गावाला तट नव्हता, असे मी ताईला थट्टेने म्हटलेही. पण तो कायदा इस्राएलच्या भूमीचा आहे, कोकणातल्या घराला तो लागत नाही. मला त्यातले वर्ष महत्त्वाचे वाटले. विकणाऱ्याला पश्चात्ताप होणार हे तोराला ठाऊक आहे. त्याच्या मनाला तोरा नाकारत नाही, त्याला मुदत देते. ऋतू एकदा फिरून येईपर्यंत, सगळे सण एकदा त्या घरावाचून करून होईपर्यंत मनाची घालमेल होऊ द्यावी. त्यानंतर मात्र घेणाऱ्यालाही शांतपणे झोपता आले पाहिजे. दुःखाला मुदत घालणे ही निर्दयता नव्हे. मुदत नसलेल्या दुःखाची किंमत दुसरेच कोणी भरत असते.

घर विकलेच पाहिजे असे माझे म्हणणे नाही. ज्यांनी गावचे घर ठेवले, छप्पर घातले, एका माणसावर जबाबदारी टाकून खर्चाची वाटणी केली आणि वर्षा-दोन वर्षांनी मुलाबाळांना तिथे नेले, त्यांना माझा नमस्कार. ठेवायचे तर राखावे, द्यायचे तर द्यावे, विकायचे तर विकावे. हे तीनही मार्ग प्रामाणिक आहेत. ‘बघू या’ हा मार्ग नाही. तोही एक निर्णयच असतो, फक्त त्याखाली कोणाची सही नसते.

त्या वर्षीच्या पेसाखला आम्ही सर्व वहिनीच्या घरी जमलो आणि मुदत घातली : पुढच्या पेसाखपर्यंत. गिऱ्हाईक शोधायला फार लांब जावे लागले नाही. नानांचा मुलगा शेतकरी, भारताचा रहिवासी नागरिक. घरही त्याला घेता येत होते आणि वाडीही. अठरा वर्षे योग्य गिऱ्हाईक आमच्याच पडवीत राहत होते. त्याने कधी विचारले नाही, कारण आमच्या तोंडी नेहमी मोठमोठे आकडे ऐकलेले. त्याला कर्ज काढून जेवढे देता येत होते ते बाजारभावाच्या दोन-तृतीयांश होते.

इथे एक कठीण प्रश्न उभा राहिला. दादाच्या मुलांच्या डोक्यावर घरांची कर्जे होती. ताईला भाव सोडणे मान्य नव्हते. मला उदार व्हायचे होते, पण दुसऱ्याच्या वाट्यातून दान करता येत नाही. ते दान नव्हे, चोरी आहे. तेव्हा ठाण्याच्या भावाने आणि मी ठरवले की दादाच्या मुलांना आणि ताईला बाजारभावाप्रमाणे पुरा हिस्सा मिळावा आणि जी तूट येईल ती आम्हा दोघांच्या हिश्श्यातून जावी. आमच्या हाती हिश्श्याचा तिसरा भाग आला. शाळामास्तरांना नकार देणारी मीच होते, तेव्हा हा हिशेब मला न्याय्य वाटला. भावाने का मान्य केला ते त्याने सांगितले नाही. एवढेच म्हणाला, “यंदापासून घरपट्टी मी भरणार नाही,” आणि हसला.

सात सह्या गोळा व्हायला नऊ महिने लागले. इथून नोटरी, अपोस्तीय, तिकडे वारसनोंद, फेरफार. ज्यांना करायचे आहे त्यांनी हे काम सर्व भावंडे हयात असताना करावे, एवढे परिचारिकेच्या नात्याने सांगते. मृत्यू कोणाच्या भावाची वाट पाहत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये, पेसाखला महिनाभर असताना, खरेदीखत नोंदले गेले.

सारे गोड झाले असे लिहिले तर ते खरे होणार नाही. ताईने सही केली, पण त्यानंतर चार महिने ती माझ्याशी बोलली नाही. मी बरोबर होते असे मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. कधी पहाटे जाग येते आणि विहिरीचा रहाट कुरकुरल्यासारखा वाटतो. पण आता ताईचा फोन आला की आम्ही तिच्या गुडघ्यांबद्दल बोलतो, नातवंडांबद्दल बोलतो, हलव्यात नारळाचे दूध किती घालायचे यावर वाद घालतो. घर बोलण्याच्या खाली राहिलेले नाही. त्यामुळे त्याची आठवण मोकळेपणाने काढता येते. जुने दगडी उखळ नानांच्या मुलाने विहिरीजवळच ठेवले आहे. आमची मुले कधी गेली तर दाखवीन म्हणाला.

बाद झालेली मेझूझा आम्ही रीतीप्रमाणे इथल्या सिनेगॉगमध्ये पुरण्यासाठी दिली. घराचे फोटो गेल्या पावसाळ्यानंतर आले. छप्पर नवे आहे. ओटीच्या भिंतीवर चार खिळे ठोकलेले दिसतात. एकाला कॅलेंडर, एकाला मुलाचे दप्तर, दोन रिकामे.

आपल्यापैकी ज्यांचे घर ‘अजून तसेच आहे’, त्यांनी येत्या रोश हशानाला सर्व भावंडांना एकत्र बसवावे आणि तीन प्रश्न विचारावेत. घर राखायचे, द्यायचे की विकायचे? ते कोणत्या तारखेपर्यंत? आणि आपण ठरवीपर्यंत तिकडे आपल्यासाठी कोण थांबले आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी शोधले तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी जातात, असा माझा अनुभव आहे.